नांव आणि आंकडा
(इंटरनेटवरील पत्त्यांची व्यवस्था)

आमच्या शहराइतकीं नांवें धारण केलेलें शहर महाराष्ट्रांत क्वचितच दुसरें असेल. इ. स. १६१० मध्यें मलिक अंबरानें खडकी येथें तें वसविलें. १६२६ मध्यें मलिक अंबर वारल्यावर त्याचा मुलगा फत्तेखान यानें त्यास फतेहनगर म्हटलें. १६५३ मध्यें शाहजादा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन आला, तेव्हां त्याचें औरंगाबाद झालें. आणि २०२३ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारच्या संमतीनें त्यास छत्रपती संभाजीनगर हें नांव मिळालें. नांवें चार झालीं. परंतु मुख्य टपाल कचेरीचा पिन कोड ४३१००१ हा होता तोच राहिला. पाकिटावर नवें नांव लिहा कीं जुनें लिहा, हे सहा आंकडे बरोबर असले म्हणजे पत्र याच शहरांत येऊन पोंचतें. टेलिफोनचा ०२४० हा आंकडाही तोच आणि मोटारींवरील एमएच २० ही खूणही तीच. रेल्वे स्टेशनची गोष्ट मात्र निराळी झाली. तेथील ‘एडब्ल्यूबी’ ही तीन अक्षरांची खूण जुन्या नांवावरून घेतलेली होती. म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरांत स्टेशनाचें नांव बदललें तेव्हां ती खूणही गेली आणि तिच्या जागीं ‘सीपीएसएन’ आली. जी खूण नांवांतून निघाली होती तिला नांवाबरोबर जावें लागलें; जी निव्वळ आंकड्यांची होती ती जागच्या जागीं राहिली.

हा भेद आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ध्यानांत ठेवावा. कारण इंटरनेट नांवाच्या ज्या अवाढव्य यंत्रजालावर आपण हल्लीं परीक्षेचा निकाल पाहतों, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतों आणि शाळेची फी देतों, तेथेंही प्रत्येक ठिकाणास एक नांव व एक आंकडा असे दोन पत्ते असतात. मौज अशी कीं, तेथील रीत आमच्या शहराच्या अगदीं उलट आहे. तेथें आंकडा वारंवार बदलतो आणि नांव टिकतें. हें कसें घडतें, आणि नांवावरून आंकडा कोण काढून देतो, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. पालकांनींही हा लेख वाचावा अशी आमची विनंति आहे. यांत पैशाचा प्रश्न गुंतला आहे, तो पुढें येईल.

प्रथम टपालाकडेच वळूं, कारण आंकड्यांची आवश्यकता तेथें चटकन् कळते. पिन कोडाची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांची. ते केंद्रीय दळणवळण खात्यांत वरिष्ठ अधिकारी असून संस्कृतांतील नामांकित कवि होते. शब्दांवर इतकें प्रेम करणाऱ्या मनुष्यानें देशास आंकडे द्यावे, हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं ही पद्धति सुरू झाली. एकाच नांवाचीं अनेक गांवें, अनेक भाषा, अनेक लिप्या आणि वाचतां न येणारीं अक्षरें, यांमुळें टपालाची निवड करणाऱ्यांची त्रेधा उडत असे. औरंगाबादचेंच उदाहरण घ्या. बिहारांतही औरंगाबाद नांवाचा जिल्हा आहे. पण तेथील पिन कोड ८२४१०१, आणि आमचा ४३१००१. पहिला आंकडा पाहतांच थैली पश्चिमेस टाकावयाची कीं पूर्वेस, हें ठरलें. पुढचे दोन आंकडे मिळून टपालाचा जिल्हा आणि शेवटचे तीन मिळून कचेरी. मुंबईंत बसलेल्या निवडणाऱ्यास आमच्या शहरांतील गल्ल्या माहीत असण्याची गरज नाहीं. त्यानें आरंभींचे आंकडे पाहून थैली पुढें ढकलावी एवढेंच त्याचें काम.

इंटरनेटवरील यंत्रेंही असेंच करितात. या जालास जोडलेल्या प्रत्येक यंत्रास एक आंकडा दिलेला असतो. त्यास आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीचा आंकडा चार भागांचा असतो व प्रत्येक भाग ० पासून २५५ पर्यंत कोणताही असूं शकतो. उदाहरणार्थ १९२.०.२.४३. (हा आंकडा कोणाचाही नव्हे, पुस्तकांत दाखले देण्यासाठीं म्हणून जे थोडे आंकडे मुद्दाम राखून ठेविले आहेत त्यांपैकीं तो आहे.) २५५ हीच मर्यादा कां? यंत्रास फक्त शून्य व एक एवढेच दोन अंक कळतात. आठ जागांवर शून्य आणि एक मांडण्याच्या २५६ रीति होतात. म्हणून शून्य धरून २५५ पर्यंत. असे चार भाग म्हणजे बत्तीस जागा. त्यांतून एकूण ४ अब्ज २९ कोटि ४९ लक्ष ६७ हजार २९६ पत्ते निघतात. गणितांत रस असणाऱ्या मुलांनीं २५६ चा चतुर्घात काढून हें पडताळून पाहावें.

तुमचा संदेश तुकड्यातुकड्यांनीं निघतो व प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर पोंचावयाचा आंकडा लिहिलेला असतो. वाटेंत राउटर नांवाचीं यंत्रें लागतात. टपाल निवडणाऱ्याप्रमाणें राउटरही आंकड्याचा आरंभींचा भाग पाहतो आणि तुकडा त्या दिशेच्या पुढच्या राउटराकडे सोडतो. शेवटचें घर त्यास ठाऊक नसतें, व असण्याचें कारणही नसतें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या साऱ्या प्रवासांत नांवाचा उपयोग कोठेंच होत नाहीं. राउटरास नांव कळतच नाहीं.

मग नांवें हवींत कशाला? एक कारण उघड आहे. मनुष्यास आंकडे पाठ राहत नाहींत. आमच्या शहरांतच याचा दाखला आहे. सिडकोनें नवी वसाहत बांधली तेव्हां तिच्या भागांस एन-१ पासून एन-१३ पर्यंत आंकडे दिले. नकाशावर ही सोय उत्तम. पण रिक्षेंत बसणारा मनुष्य पुष्कळदां ‘टी. व्ही. सेंटरला चला’ असेंच म्हणतो. जुन्या शहरांत तर बेगमपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा, उस्मानपुरा अशीं पुऱ्यांचीं नांवेंच चालत आलीं आहेत, आणि तीं विसरत नाहींत.

दुसरें कारण अधिक महत्त्वाचें, पण तें सहसा कोणी सांगत नाहीं. इंटरनेटवरील आंकडा हा यंत्र कोणत्या जाळ्यास जोडलें आहे यावरून ठरतो. एखाद्या संस्थेनें आपलें यंत्र पुण्याहून हालवून मुंबईस नेलें, किंवा एका कंपनीची सेवा सोडून दुसरीची घेतली, कीं आंकडा बदलला. लोकांनीं जर आंकडेच पाठ केले असते, तर असा प्रत्येक बदल म्हणजे हजारों लोकांस नवें पत्र धाडणें झालें असतें. नांव मध्यें असल्यामुळें संस्थेनें एका ठिकाणची नोंद तेवढी बदलावी. लोक पूर्वींचेंच नांव लिहीत राहतात आणि त्यांस बदल झाला हेंही कळत नाहीं.

ही नोंद कोण ठेवितो? आरंभीं अमेरिकेंत हें जाल लहान होतें, तेव्हां सर्व नांवांची व आंकड्यांची मिळून एकच यादी असे. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एलिझाबेथ फाइनलर या विदुषी व त्यांचे सहकारी ती सांभाळीत. कोणास नवें यंत्र जोडावयाचें झालें कीं त्यानें त्यांस कळवावें, त्यांनीं यादींत नांव लिहावें आणि सर्वांनीं ती यादी वरचेवर उतरवून घ्यावी. यंत्रें शेंकड्यांनीं होतीं तोंवर हें निभावलें. पुढें यादी इतकी फुगली कीं ती उतरवून घेण्यांतच जालाची शक्ति खर्चूं लागली. शिवाय दोघांनीं एकच नांव मागितलें कीं तंटा. तेव्हां १९८३ मध्यें पॉल मॉकापेट्रिस यांनीं नवी योजना आंखली. तिचें नांव डोमेन नेम सिस्टम; संक्षेपानें डीएनएस. आज चाळीस वर्षांहून अधिक काळ जग याच योजनेवर चाललें आहे.

या योजनेंतील युक्ति साधी आहे: सर्व कांहीं एकानें जाणूं नये. परगांवचा एक मनुष्य बेगमपुऱ्यांतील एका घराचा पत्ता घेऊन आमच्या स्टेशनावर उतरला असें समजा. स्टेशनावरील हमालास तें घर ठाऊक नसतें. परंतु बेगमपुरा कोणीकडे हें तो सांगूं शकतो. बेगमपुऱ्याच्या नाक्यावरील दुकानदार गल्ली दाखवितो आणि गल्लींतील मुलें घर दाखवितात. प्रत्येकानें आपल्या खालचें तेवढें जाणावें. बेगमपुऱ्यांत उद्यां नवें घर झालें, तर स्टेशनावर जाऊन तें सांगण्याचें कारण पडत नाहीं.

आतां इंटरनेटवरील नांव वाचूं. बिहारांतील त्या दुसऱ्या औरंगाबाद जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाचें नांव ‘औरंगाबाद डॉट बिह डॉट एनआयसी डॉट इन’ असें आहे. हें डावीकडून उच्चारतात, पण यंत्र तें उजवीकडून वाचतें. ‘इन’ म्हणजे भारत. त्यांतील ‘एनआयसी’ म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. त्यांत ‘बिह’ म्हणजे बिहार. आणि त्यांत औरंगाबाद. पाकिटावरील पत्ताही आपण असाच लिहितों: प्रथम व्यक्ति, मग गल्ली, मग गांव, मग राज्य, आणि टपालवाला तो खालून वर वाचीत येतो. मधल्या ‘बिह’ या एका पायरीनें दोन औरंगाबादांचा घोटाळा मिटला.

तुम्ही आपल्या फोनवर आमच्या विद्यापीठाचें ‘बामू डॉट एसी डॉट इन’ हें नांव लिहिलें, म्हणजे काय घडतें तें क्रमानें पाहूं. फोन प्रथम स्वतःच्या स्मरणांत शोधतो; थोड्याच वेळापूर्वीं हेंच नांव पाहिलें असेल तर आंकडा तेथेंच मिळतो. न मिळाल्यास तो एका शोधक यंत्रास विचारतो. हें यंत्र बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचें असतें. त्याच्या स्मरणांतही नसेल तर तें सर्वांच्या मुळाशीं जातें. या मूळ यंत्रांस इंग्रजी ‘ए’ पासून ‘एम’ पर्यंत तेरा नांवें आहेत; त्या तेरा नांवांमागें जगभर पसरलेल्या प्रति मात्र हजाराहून अधिक असून मुंबईंतही त्या आहेत. मूळ यंत्रास विद्यापीठ ठाऊक नाहीं. तें एवढेंच सांगतें कीं, ‘इन’ची वही अमक्या आंकड्यावर आहे, तेथें विचारा. ‘इन’वाला सांगतो कीं, या विद्यापीठाच्या नोंदी अमुक यंत्राकडे आहेत. कांहीं नांवांच्या बाबतींत मध्यें आणखी एखादी पायरी लागते, तर कांहींच्या दोन पायऱ्या एकाच ठिकाणीं उरकतात. शेवटचें यंत्र खरा आंकडा देतें. शोधक तो स्वतः लिहून ठेवितो व तुमच्या फोनास कळवितो. आणि त्यानंतरच फोन त्या आंकड्याकडे पहिला तुकडा सोडतो. हें सर्व वर्णन करण्यास आम्हांस अर्धें पान लागलें. यंत्रांस बहुधा डोळ्यांचें पातें लवण्याइतकाही वेळ लागत नाहीं.

स्मरणांत ठेविलेल्या उत्तरास मुदत असते. नोंद ठेवणाराच उत्तराबरोबर सांगतो कीं, हें इतके सेकंद खरें माना, नंतर पुन्हां विचारा. मुदत तासाची असली आणि मध्येंच आंकडा बदलला, तर कोणाकोणास तासभर जुनाच आंकडा मिळत राहतो आणि तो जुन्या, ओसाड पडलेल्या दारीं जाऊन उभा राहतो. म्हणून जाणते लोक यंत्र हालविण्याच्या आधीं मुदत कमी करून ठेवितात. मनुष्यांच्या स्मरणाची मुदत कोणास कमी करितां येत नाहीं. आमच्या शहराचें कालचें नांव कोणाच्या तोंडीं किती वर्षें राहील हें कोणी सांगावें? कांहीं वृद्धांच्या बोलण्यांत ‘खडकी’ अजून राहिली असती तरी आम्हांस नवल वाटलें नसतें.

‘इन’ या शेवटच्या अक्षरजोडीचा इतिहास आपल्या महाराष्ट्रांतच घडला, ही गोष्ट आमच्या वाचकांस आवडेल. मुंबईस जुहू येथें राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, या नांवाची सरकारी संस्था होती, डॉ. श्रीनिवासन रामाणी हे तिचे संस्थापक संचालक. १९८६ च्या सुमारास देशांतील मोठ्या शिक्षणसंस्थांस जोडणारें अर्नेट हें जाल उभें राहिलें, त्यांत या केंद्राचा मोठा वांटा होता. भारतास ‘इन’ ही खूण १९८९ च्या मे महिन्यांत मिळाली आणि तिची नोंदवही या केंद्रानें पुष्कळ वर्षें सांभाळिली. सामान्य जनतेस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून; म्हणजे घर बांधून होण्यापूर्वीं सहा वर्षें दारावरची पाटी तयार होती. पुढें २००५ च्या आरंभीं हें काम निक्सी या संस्थेकडे गेलें. शिक्षणसंस्थांच्या ‘एसी डॉट इन’ची नोंदणी अर्नेटकडे आहे. ती मागेल त्यास मिळत नाहीं. आपण खरोखर शिक्षणसंस्था आहों हें दाखवावें लागतें.

नांव बदलल्यावर काय करावें, हा आमच्या शहरांतील संस्थांपुढें आज प्रत्यक्ष प्रश्न आहे. ज्यांच्या संकेतस्थळाच्या नांवांत औरंगाबाद हा शब्द होता त्यांपैकीं कित्येकांनीं नवें नांव घेतलें, कित्येक घेत आहेत. डीएनएसच्या दृष्टीनें यांत कांहींच अवघड नाहीं. एकाच आंकड्याकडे दोन नांवें बोट दाखवूं शकतात. जुन्या नांवानें आलेल्या पाहुण्यास नव्या नांवाकडे पोंचवितां येतें. धोका निराळाच आहे. इंटरनेटवरील नांव कोणी कायमचें विकत घेत नाहीं. तें वर्षाच्या किंवा कांहीं वर्षांच्या बोलीनें घ्यावें लागतें, आणि मुदत संपतांना पैसे भरले नाहींत तर कांहीं काळानें तें कोणीही घेऊं शकतो. आतां कल्पना करा कीं, एखाद्या संस्थेनें नवें नांव घेतलें आणि जुन्याचे पैसे भरणें व्यर्थ खर्च म्हणून थांबविलें. जुनें नांव मात्र दहा वर्षांच्या दाखल्यांवर, पावत्यांवर, अर्जांवर छापलेलें. शेंकडों पालकांच्या ईमेलांत जतन झालेलें. तें नांव एखाद्या भामट्यानें उचललें, म्हणजे लोक आपल्या हातानें त्याच्या दारीं जाणार, आणि जुन्या पत्त्यावर धाडलेलीं पत्रेंही त्यासच मिळणार! पाटी काढून टाकणें वेगळें आणि पाटी रस्त्यावर टाकणें वेगळें. शहराचें नांव बदललें म्हणून ज्या संस्थांनीं आपलें नांव बदललें त्यांनीं जुनें नांव निदान आठदहा वर्षें तरी हातचें सोडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यास लागणारा खर्च एका वार्षिक संमेलनाच्या हारतुऱ्यांहून कमी असतो.

नांव सांगणारेंच हरवलें तर काय होतें, याचा अनुभव जगानें ४ ऑक्टोबर १९२१... नव्हे, शंभर वर्षांपूर्वींची नव्हे, अगदीं कालपरवांची गोष्ट, ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं घेतला. फेसबुक कंपनीच्या जाळ्याच्या देखभालींत दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनें तिच्या केंद्रांमधील दुवे तुटले, आणि तिचीं नांवें सांगणारीं यंत्रें कोणत्या वाटेनें सांपडतील हें जगास कळविणेंही त्याबरोबर आपोआप बंद झालें. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम हीं सर्व सुमारें सहा तास नाहींशीं झालीं. यंत्रें जागेवर होतीं, माहिती शाबूत होती. परंतु नांव विचारल्यास उत्तर देणारा कोणी नव्हता.

आतां पालकांस उद्देशून. बँकेचा म्हणून, वीजकंपनीचा म्हणून, शिष्यवृत्तीचा म्हणून एक संदेश फोनवर येतो. त्यांतील दुव्यावर बोट ठेविलें कीं ओळखीचें चित्र व ओळखीची रंगसंगति असलेलें पान उघडतें. तेथें गुप्त शब्द लिहिला कीं खातें रिकामें. अशा वेळीं चित्राकडे न पाहतां नांवाकडे पाहावें, आणि तें यंत्राप्रमाणें उजवीकडून वाचावें. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन’ हें ‘इन’मधील ‘बँक’ या राखीव शाखेंतलें नांव झालें. परंतु ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट तमुक डॉट कॉम’ या नांवाचा मालक कोण? उजवीकडून पहिलें ‘कॉम’, मग ‘तमुक’. मालक तमुक! त्याच्या डावीकडे तो वाटेल तें लिहूं शकतो; स्वतःच्या घरांतील खोलीस कोणी ‘राजवाडा’ म्हटलें म्हणून त्यास कोण अडविणार? मात्र यांत एक खुबी ध्यानांत ठेवावी: नांवाचा विचार पहिल्या तिरप्या रेघेपाशीं संपतो. रेघेच्या उजवीकडे जें असतें तें घराच्या आंतलें सामान; तेथें बँकेचें नांव कितीही वेळां आलें तरी त्याची किंमत शून्य. नांवाच्या जागीं नुसता चार भागांचा आंकडा दिसला, तर तेथेंच थांबावें. कोणतीही भली बँक आपल्या ग्राहकास आंकडा देऊन बोलावीत नाहीं. पानाच्या माथ्यावर दिसणारें कुलूप तर पुष्कळांस फसवितें. मधल्या वाटेंत कोणी ऐकत नाहीं, एवढीच त्याची ग्वाही. पलीकडे बसलेला मनुष्य सज्जन आहे असें कुलूप सांगत नाहीं.

याच कारणास्तव रिझर्व्ह बँकेनें २०२५ मध्यें देशांतील बँकांस ‘बँक डॉट इन’ या राखीव शाखेखालीं येण्याचा हुकूम केला व त्यासाठीं त्या वर्षाच्या ३१ ऑक्टोबरची मुदत घालून दिली. या शाखेंत नांव मिळण्यास खरी बँक असावें लागतें. हैदराबाद येथील आयडीआरबीटी ही संस्था त्याची नोंद करिते. ‘एसी डॉट इन’ची रीतच येथें लावली म्हणावयाची. या एका आज्ञेनें फसवणूक बंद होईल असें आम्हांस वाटत नाहीं. पण जो पालक उजवीकडून वाचावयास शिकला, त्याच्या हातीं आतां एक खरी कसोटी आली आहे.

मराठी वाचकाच्या मनांत येथें एक शंका येईल: हीं नांवें इंग्रजी अक्षरांतच कां? १९८३ सालीं योजना झाली तेव्हां रोमन अक्षरें, दहा अंक आणि एक आडवी रेघ एवढ्यांचाच विचार झाला होता. पुढें इतर लिप्यांसाठीं एक पळवाट काढण्यांत आली. देवनागरींतील ‘डॉट भारत’ ही खूण २७ ऑगस्ट २०१४ पासून सुरू झाली असून तींत मराठी नांवें नोंदवितां येतात. परंतु पडद्यामागें जुनेंच यंत्र चालू असल्यामुळें आपण लिहिलेला ‘भारत’ हा शब्द नोंदवहींत जातो तो ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असें सोंग घेऊन! विचारणाऱ्या यंत्रानें हें रूपांतर करावयाचें आणि वाचकास तें दिसूं द्यावयाचें नाहीं. मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील ऱ्य संगणकावर दोन निरनिराळ्या रीतींनीं टाईप करितां येतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रास ते दोन वेगळे शब्द वाटतात. जेथें दोन दिसण्यांत एक तेथें भामट्यास वाव, हें सांगावयास नकोच. म्हणून अशा नांवांसाठीं कोणतीं अक्षरें कशीं घ्यावीं याचे नियम भाषातज्ज्ञांस बसून ठरवावे लागले. हें काम व्याकरणाच्या तासास कंटाळणाऱ्या मुलांनीं आवर्जून पाहण्यासारखें आहे. मराठी शाळांनीं इंग्रजी नांवाच्या जोडीस एक देवनागरी नांवही घ्यावें असें आम्हांस फार वाटतें. मात्र केवळ हौसेनें घेऊन तिसऱ्या वर्षीं मुदत संपूं देऊं नये.

वर सांगितलेले चार अब्ज आंकडे केव्हांच अपुरे पडले. मध्यवर्ती सांठ्यांतील शेवटचे पांच गट ३ फेब्रुवारी २०११ रोजीं वांटले गेले. त्यावर दोन तोडगे आहेत. एक, एका वाड्यास एकच बाहेरचा आंकडा देऊन आंत खोल्यांस खासगी आंकडे देणें. तुमच्या घरांतील फोनास १९२.१६८ नें आरंभ होणारा आंकडा बहुधा असाच मिळालेला असतो, आणि तोच आंकडा शेजाऱ्याच्या घरींही असूं शकतो. दुसरा तोडगा म्हणजे बत्तीसऐवजीं एकशें अठ्ठावीस जागांचे नवे आंकडे. त्यांची एकूण संख्या एकोणचाळीस अंकी होते, तेव्हां पुन्हां टंचाईची भीति नाहीं. ही नवी पद्धति स्वीकारण्यांत भारत अग्रेसर देशांत मोडतो. जुने व नवे दोन्ही आंकडे एकाच नांवापुढें लिहून ठेवितां येतात. ज्या यंत्रास जो कळेल तो त्यानें घ्यावा. साऱ्या जगाचे आंकडे असे पायाखालून बदलत आहेत आणि लोक मात्र कालचींच नांवें लिहीत आहेत.

शाळेच्या संगणकखोलींत शिक्षकांच्या अनुमतीनें एक प्रयोग करून पाहावा. आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडून ‘एनएसलुकअप’ हा शब्द इंग्रजींत लिहावा आणि एक जागा सोडून एखाद्या संकेतस्थळाचें नांव द्यावें. उत्तर देणाऱ्या यंत्राचा आंकडा प्रथम येईल व मागितलेल्या नांवाचा आंकडा त्याखालीं येईल. मोठ्या कंपनीचें नांव दिल्यास कित्येकदां एकाहून अधिक आंकडे येतात, आणि तोच प्रयोग दुसऱ्या गांवच्या मित्रानें केल्यास त्यास वेगळाच आंकडा मिळूं शकतो. कारण कंपनी प्रत्येकास त्याच्या जवळच्या यंत्राकडे धाडिते. मिळालेले आंकडे वहींत लिहून ठेवावे व महिन्याभरानें पुन्हां पाहावें.

मग तोच आंकडा नांवाच्या जागीं लिहून पान उघडतें का तें पाहावें. पुष्कळदां तें उघडत नाहीं, किंवा भलतेंच कांहीं उघडतें. याचें कारण असें कीं, एका आंकड्यावर एकच संकेतस्थळ असतें असें नाहीं. एका मोठ्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडें राहावीं तशीं एका यंत्रावर शेंकडों संकेतस्थळें राहतात. म्हणून आंकड्याच्या साहाय्यानें दारापर्यंत पोंचल्यावर तुमचा संगणक दारांत उभा राहून पुन्हां एकदां नांव सांगतो, आणि तें ऐकून आंतला मनुष्य त्या बिऱ्हाडाचें दार उघडतो.